स्विंग काळातल्या गायकांच्या रेकॉर्डी जमवायच्या, तर आधी वंशावळ विचारा

ठाण्याच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "बिली हॉलिडे आणि एला फिट्झजेराल्ड या अमेरिकन गायिकांनी अक्षरशः वेड लावलंय. स्विंग काळातल्या गायकांच्या मूळ विनाइल रेकॉर्डी जमवायच्या आहेत. वडिलांचा टर्नटेबल दुरुस्त करून घेतला आहे. एक विक्रेता बिलीची '1937ची ओरिजिनल एलपी' देतो म्हणतोय, घेऊ का? खरी-खोटी कशी ओळखायची, सुरुवात कशानं करायची, आणि आपल्या दमट हवेत या रेकॉर्डी टिकतील का?"

'1937ची ओरिजिनल' म्हणून ती घेऊ नका. 1937 साली एलपी हा प्रकार बाजारात नव्हताच. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांची, लांब वाजणारी विनाइलची एलपी कोलंबिया कंपनीनं 1948च्या जूनमध्ये आणली आणि आरसीए व्हिक्टरची 45 फेऱ्यांची छोटी रेकॉर्ड 1949 साली आली. स्विंगचा, म्हणजे मोठ्या बँडच्या नाचऱ्या जॅझचा, बहर साधारण 1935 ते 1946 एवढाच. म्हणजे तुमच्या आवडत्या गायिकांनी तो सगळा काळ 78 फेऱ्यांच्या, लाखेच्या, दहा इंची तबकड्यांवर काढला, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. त्या गाण्यांची जी एलपी तुमच्या हाती येईल, ती नंतर केलेली प्रतच असणार.

यात नाराज होण्यासारखं काही नाही. पण छंदाची दिशा इथेच ठरते. 32 वर्षं या रेकॉर्डी जमवतोय. समोर आलेल्या प्रत्येक रेकॉर्डला मी पहिला प्रश्न हाच विचारतो, की त्या दिवशी स्टुडिओत जे वाजलं त्याच्यापासून ही कितव्या पिढीची? सोयरीक जुळवताना घराण्याची चौकशी करतात, तशीच ही चौकशी. किंमत, दुर्मिळता, कव्हरची शोभा हे सगळं त्यानंतर.

ही वंशावळ एका उदाहरणानं सांगतो. 2 जुलै 1935. न्यूयॉर्कमध्ये पियानोवादक टेडी विल्सनच्या नावानं एक छोटा वाद्यवृंद जमला. जमवणारे निर्माते जॉन हॅमंड. क्लॅरिनेटवर बेनी गुडमन, ट्रंपेटवर रॉय एल्ड्रिज, टेनर सॅक्सोफोनवर बेन वेबस्टर, आणि गायला वीस वर्षांची बिली. त्या बैठकीतलं 'व्हॉट अ लिटल मूनलाइट कॅन डू' मेणाच्या जाड तबकडीवर कोरलं गेलं. त्या मेणावरून धातूचा साचा, त्यावरून दुसरा धातूचा 'मदर' साचा, त्यावरून छापायचे साचे, आणि त्यातून ब्रन्सविक लेबलची लाखेची रेकॉर्ड. ही पहिली पिढी. पुढे 1938च्या अखेरीस सीबीएस या रेडिओ कंपनीनं ब्रन्सविक आणि व्होकॅलियन ही लेबलं चालवणारी कंपनी विकत घेतली, कोलंबियाचं नाव पुन्हा उभं केलं, आणि तीच ध्वनिमुद्रणं कोलंबियाच्या लाल लेबलवर येऊ लागली. जुन्या साच्यावरून छापली असतील तर तीही जवळचीच नातेवाईक. मग 1954ची 'लेडी डे' ही एलपी, क्रमांक सीएल 637. 1962 साली तीन एलपींचा 'द गोल्डन इयर्स' संच. 1980च्या दशकाच्या अखेरीस खंडाखंडानं निघालेली मालिका. आणि आज युरोपातून येणाऱ्या चकचकीत, '180 ग्रॅम' असं अभिमानानं छापलेल्या नव्या एलपी.

या शेवटच्या प्रकाराबद्दल स्पष्टच सांगतो. युरोपात 1962 पर्यंतच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क संपलेले आहेत, त्यामुळे कुणीही बाजारातली सीडी घेऊन त्यावरून एलपी छापू शकतो, आणि बरेच जण तेच करतात. आवाज स्वच्छ असतो, पण खरखर काढता काढता आवाजाभोवतीची हवाही काढून टाकलेली असते. गाताना बिली शब्दाच्या शेवटी श्वास सोडते, तो श्वास अशा प्रतीत हरवलेला मी कितीतरी वेळा ऐकला आहे. वजनाचा आणि आवाजाचा काही संबंध नाही. गाणी ओळखीची व्हावीत एवढाच हेतू असेल तर खुशाल घ्या. संग्रह म्हणून त्यात पैसे घालू नका.

मग स्विंग काळातली 'खरी विनाइल' नव्हतीच का? होती, आणि ती गोष्ट मला फार प्रिय आहे, कारण तिचा एक धागा आपल्याकडे येतो. रेकॉर्डला लागणारी लाख प्रामुख्यानं भारतातून जायची. छोटा नागपूरच्या जंगलांत पळस, कुसुम, बोर या झाडांवरचे किडे ती तयार करतात आणि माल कलकत्त्याच्या बंदरातून बाहेर जायचा. आपल्या आज्या ज्या लाखेच्या बांगड्या घालायच्या, तीच ही लाख. रेकॉर्डमध्ये तिचं प्रमाण थोडं, बाकी दगडाची पूड आणि काजळी, पण सगळं धरून ठेवते ती लाखच. महायुद्धात समुद्री वाहतूक अडली आणि एप्रिल 1942मध्ये अमेरिकन सरकारनं रेकॉर्ड कंपन्यांच्या लाखेच्या वापरात 70 टक्के कपात केली. जुन्या रेकॉर्डी गोळा करून, दळून, त्यातून नव्या छापल्या जाऊ लागल्या. म्हणून 1942 ते 1945मधल्या अमेरिकन छपाया पुष्कळदा जास्त खरखरतात. लेबल कोरं करकरीत आणि आवाज मात्र तव्यावर तडका दिल्यासारखा, असं दिसलं की दोष तुमच्या सुईचा आहे असं लगेच धरू नका.

त्याच काळात अमेरिकन सैन्यासाठी 'व्ही-डिस्क' निघाल्या, 1943 ते 1949. बारा इंची, 78 फेऱ्यांच्या, आणि बहुतेक विनाइलच्या, कारण लाखेच्या तबकड्या आघाडीवर पोचेपर्यंत फुटायच्या. त्यांचं आणखी एक मोल आहे. 1 ऑगस्ट 1942पासून अमेरिकन वादकांच्या संघटनेनं रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला होता. डेक्कानं सप्टेंबर 1943मध्ये तडजोड केली, कोलंबिया आणि व्हिक्टर मात्र नोव्हेंबर 1944 पर्यंत अडून राहिल्या. व्ही-डिस्कना संघटनेनं सूट दिली होती, अट एवढीच की त्या विकायच्या नाहीत आणि कार्यक्रम संपला की साचे नष्ट करायचे. त्यामुळे त्या दोन वर्षांचं काही संगीत फक्त तिथेच सापडतं. फ्रँक सिनात्राही त्यांवर आहे. त्या काळातलं अस्सल विनाइलच हवं असा तुमचा हट्ट असेल तर शोध व्ही-डिस्कचा घ्या. दुसरा पर्याय रेडिओ केंद्रांसाठी केलेल्या सोळा इंची तबकड्यांचा, पण त्या आपल्या घरगुती टर्नटेबलवर बसतच नाहीत.

बहिष्काराची एक खूण दुकानातल्या रेकॉर्डींवरही दिसते. संघटना वादकांची होती, गायक तिचे सदस्य नव्हते. म्हणून 1943 साली सिनात्रानं कोलंबियासाठी जी गाणी केली, त्यांत एकही वाद्य नाही, मागे नुसता बॉबी टकरचा गायकवृंद. ती रेकॉर्ड हाती आली तर अवश्य ठेवा. ऐकायला ती विचित्र वाटते, पण पुढच्या दहा वर्षांत वाद्यवृंद मागे पडून गायक पुढे का आला, हे त्या एका रेकॉर्डमध्ये ऐकू येतं.

आता शोधायचं कसं. नवखा माणूस 'बिली हॉलिडे', 'एला' या नावांनी शोधतो आणि त्यामुळे निम्म्या रेकॉर्डी त्याच्या नजरेतून सुटतात. स्विंगच्या काळात मालक बँडलीडर होता, गायक त्याच्या पदरचा. लेबलवर मोठ्या अक्षरांत 'टेडी विल्सन अँड हिज ऑर्केस्ट्रा' आणि खाली बारीक टायपात 'व्होकल कोरस', पुढे नाव असलं तर असलं. सुरुवातीला एकदीड मिनिट वाद्यंच वाजतात, मग गायिका येते, एक अंतरा गाते आणि पुन्हा वाद्यं. तेव्हा एला हवी असेल तर 'चिक वेब' शोधा. 1938चं 'अ-टिस्केट, अ-टास्केट' डेक्कावर त्याच्याच नावानं आहे. 1939च्या जूनमध्ये चिक वेब वारला आणि तो वाद्यवृंद एलाच्या नावानं चालला, तेव्हा कुठे तिचं नाव वर आलं. अनिता ओ'डे हवी तर 'जीन क्रुपा', विशेषतः 1941चं 'लेट मी ऑफ अपटाउन', ज्यात तिच्यासोबत रॉय एल्ड्रिज आहे. पेगी ली हवी तर 'बेनी गुडमन'. आयव्ही अँडरसन हवी तर 'ड्यूक एलिंग्टन'. जिमी रशिंग आणि हेलन ह्यूम्स हवे तर 'काउंट बेसी'. विक्रेत्यालाही पुष्कळदा आत कोण गातंय हे ठाऊक नसतं. माझ्या संग्रहातल्या सर्वांत लाडक्या काही रेकॉर्डी 'डान्स बँड, किरकोळ' अशा चिठ्ठीच्या गठ्ठ्यातून आल्या आहेत.

आणखी एक गोंधळ मुंबईत हमखास होतो. अमेरिकेतलं ब्रन्सविक आणि इंग्लंडमधलं ब्रन्सविक ही वेगवेगळी घराणी आहेत. इंग्लंडमध्ये डेक्का कंपनी आपला अमेरिकन डेक्काचा माल ब्रन्सविक नावानं विकायची. त्यामुळे एलाची ब्रन्सविक रेकॉर्ड मिळाली तर ती बहुतेक ब्रिटिश छपाई. वाईट मुळीच नाही, उलट ब्रिटिश छपाया बऱ्याचदा शांत वाजतात. फक्त 'अमेरिकन मूळ' म्हणून जास्त पैसे मोजू नका.

ज्यांच्यामागे गर्दी कमी आहे अशा दोन-तीन नावांकडे मी तुम्हाला आग्रहानं वळवीन. मिल्ड्रेड बेली. तिचा आवाज हलका, जवळजवळ मुलीसारखा, आणि लयीवर पकड अशी की वाद्यवृंद तिच्या मागे चालतोय असं वाटतं. झायलोफोनवादक रेड नॉर्वो तिचा नवरा, आणि या जोडप्याला 'मिस्टर अँड मिसेस स्विंग' म्हणत. मॅक्सिन सलिव्हन, 1937चं 'लॉख लोमंड', स्कॉटिश लोकगीत अगदी हळुवार स्विंगमध्ये. आणि ली वायली. एका संगीतकाराची गाणी निवडून त्यांचा संच काढायची कल्पना एलाची मानली जाते, कारण तिच्या 'साँग बुक' मालिकेतला कोल पोर्टर संच 1956 साली गाजला. पण ली वायलीनं 1939 सालीच गर्शविनची आठ गाणी लिबर्टी म्युझिक शॉप या न्यूयॉर्कच्या दुकानासाठी केली होती. 78च्या रेकॉर्डी वहीसारख्या बांधणीत घातलेल्या असत, फोटोंचा अल्बम असतो तशा, आणि 'अल्बम' हा शब्द संगीतात आला तो तिथूनच. तो संच पूर्ण आणि न फुटलेला मिळणं कठीण, पण त्याच्या पुनर्मुद्रित एलपी मिळतात आणि त्या परवडतात.

बिलीबद्दल थोडं थांबून बोलतो, कारण प्रश्न तिच्यापासून सुरू झालाय. 25 जानेवारी 1937ला ती लेस्टर यंगबरोबर पहिल्यांदा रेकॉर्डिंगला उभी राहिली. त्या दिवसापासून पुढच्या दीड-दोन वर्षांतल्या बाजू हा माझ्या मते या सगळ्या काळाचा गाभा आहे. ती गाते आणि तो सॅक्सोफोनवर मागून उत्तर देतो, सारंगिया ठुमरी गाणारीची जागा हेरून भरतो तसा. ती तालाच्या मागे रेंगाळते, शब्द ओढून धरते, आता हिची सम चुकणार असं वाटतं आणि ती नेमकी पोचते. आपले कान नाट्यसंगीतावर, ठुमरीवर पोसलेले असतील तर ही गंमत समजायला वेळ लागत नाही. तीन मिनिटांत सगळं सांगायची शिस्तही आपल्याला परकी नाही. त्याच दशकात अब्दुल करीम खाँसाहेब ओडियनच्या रेकॉर्डीवर तेच करत होते.

तिची 1939ची 'स्ट्रेंज फ्रूट' ही वेगळी गोष्ट. दक्षिणेत झाडांना टांगून मारलेल्या काळ्या माणसांवरचं ते गाणं. तिच्या कंपनीनं ते काढायला नकार दिला, म्हणून ते कमोडोरवर निघालं. मिल्ट गॅबलरच्या रेकॉर्डच्या दुकानानं चालवलेलं ते लेबल होतं. क्रमांक 526, मागच्या बाजूला 'फाइन अँड मेलो'. ही रेकॉर्ड नंतर अनेक वर्षं छापली जात राहिली, त्यामुळे केवळ क्रमांक जुळला म्हणून ती 1939ची ठरत नाही. ती घाईनं घेऊ नका. थोडा सराव झाल्यावर, खात्रीच्या माणसाकडून घ्या.

एलपीकडे येऊ, कारण सुरुवात तुम्ही तिथूनच करावी असं माझं मत आहे. 1950च्या दशकातल्या मोनो एलपी या काळाच्या उत्तम प्रती आहेत. एका बाबतीत तर त्या मूळ 78पेक्षा सरस ठरतात. 1940च्या सुमारास कोलंबियानं मेण सोडून सोळा इंची लॅकर (रोगण चढवलेल्या) तबकड्यांवर रेकॉर्डिंग घ्यायला सुरुवात केली आणि त्यावरून 78 तयार केल्या. म्हणजे 78 हीच दुसरी पिढी झाली. पुढे एलपीसाठी मूळ लॅकर वापरली असेल तर एलपी मुळाच्या जास्त जवळ. म्हणून 1935-38च्या बिलीसाठी ब्रन्सविक आणि व्होकॅलियनच्या 78, आणि 1940च्या दशकातल्या कोलंबिया आणि तिच्या ओके लेबलसाठी 1950च्या दशकातली एलपी, अशी माझी विभागणी आहे.

एलपीचं वय लेबलवरून कळतं. कोलंबियाची 1955च्या आधीची लेबलं लाल, त्यावर सोनेरी अक्षरं. मग 1955पासून सहा 'डोळे' असलेलं लेबल, साधारण 1961-62 पर्यंत. त्यानंतर दोन डोळ्यांचं. व्हर्वचं लेबल असेल तर तळाची ओळ वाचा. 'व्हर्व रेकॉर्ड्स इन्क.' असेल तर नॉर्मन ग्रँट्झच्या मालकीच्या काळातली. 'एमजीएम' दिसलं तर 1960च्या अखेरीस कंपनी विकल्यानंतरची. शेवटच्या गाण्यानंतर लेबलपर्यंत जो मोकळा पट्टा असतो, त्यावर कोरलेले आकडे हा जन्मदाखला. टेबललॅम्प एका बाजूला ठेवा आणि रेकॉर्ड डोळ्यांसमोर तिरकी धरून सावकाश फिरवा. आधी क्रमांक दिसतो, मग हातानं कोरलेलं एखादं अक्षर, कधी छापखान्याची खूण. 78वर तिथे मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाचा क्रमांक, आणि पुढे टेकचा, म्हणजे गाणं कितव्यांदा घेतलं त्याचा, आकडा असतो. एकाच गाण्याचे दोन टेक बाजारात आले असतील तर फरक फक्त त्या आकड्यानं कळतो. हे क्रमांक ताडून बघायला सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची ऑनलाइन सूची आहे. ती मोफत आहे आणि मी रोज वापरतो.

कव्हरवर 'इलेक्ट्रॉनिकली रीचॅनल्ड फॉर स्टिरिओ' किंवा कॅपिटलचं 'ड्युओफोनिक' दिसलं तर रेकॉर्ड परत ठेवा. साठच्या दशकात स्टिरिओची लाट आली म्हणून जुन्या मोनो ध्वनिमुद्रणाचे दोन भाग करून, एका बाजूला खर्ज, दुसऱ्या बाजूला वरचे स्वर, मध्ये थोडी घुमारी, असा खेळ केला गेला. गायिका विहिरीत उभी राहून गातेय असं वाटतं. याउलट इंग्लंडची 'एस ऑफ हार्ट्स' मालिका, साठच्या दशकातली, स्वस्त, पुठ्ठा पातळ, पण मोनो आणि प्रामाणिक. फ्रान्सच्या आरसीएची 'ब्लॅक अँड व्हाइट' मालिकाही तशीच. यांना संग्राहकांत भाव नाही, आणि ऐकणाऱ्याला याहून चांगली संधी नाही.

आता टर्नटेबल. त्याला 78चा वेग आहे का ते बघा. असला तरी एलपीची सुई 78वर कधीही टेकवू नका. 78ची खाच जवळजवळ तिप्पट रुंद. तिला 3 मिलची, म्हणजे सुमारे 76 मायक्रॉनची सुई लागते. एलपीची सुई खाचेच्या तळाशी जाऊन नुसता कचरा खरवडते आणि स्वतःही खराब होते. ऑडिओ-टेक्निका आणि ऑर्टोफॉन या दोघांकडे खास 78साठीची सुई मिळते. ॲम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबा, निम्मी खरखर तिथेच जाते. आजचा फोनो प्रीॲम्प खर्ज आणि वरचे स्वर यांच्या समतोलाच्या ज्या प्रमाणावर बेतलेला आहे ते 1954च्या सुमारास सर्वमान्य झालं. त्याआधीच्या 78 त्यावर लावल्या की वरचे स्वर दबलेले वाटतात. ट्रेबल थोडा वाढवा, गायिका पुढे येते. आणि चावीच्या ग्रामोफोनवर चांगली रेकॉर्ड लावू नका. जड साउंडबॉक्स आणि पोलादी सुई खाच खाते, ती सुई तर एका बाजूपुरतीच असते. आपल्याकडे घरोघरी एकच सुई आठवडाभर चालवली जायची, म्हणून इथल्या बऱ्याच 78 मंद उजेडात चकाकतात आणि प्रखर उजेडात करड्या दिसतात. करडी खाच म्हणजे झिजलेली खाच. ती धुऊन सुधारत नाही.

धुण्याबद्दल एक अनुभव सांगतो, कारण त्याचं दुःख अजून आहे. सुरुवातीच्या काळात एकानं सांगितलं म्हणून मी एक व्होकॅलियन 78 स्पिरिटनं पुसली. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. फडकं काळं झालं, पृष्ठभाग चिकट झाला आणि दोन मिनिटांत त्या बाजूवरचं गाणं संपलं. विनाइलला पातळ केलेलं आयसोप्रॉपिल चालतं, लाखेला अल्कोहोलचा थेंबही नको. डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेनं गोल फिरवायचा, लेबलवर हाताचा पंजा किंवा प्लॅस्टिकची चकती, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं दोनदा, आणि लगेच सुती कापडानं टिपून उभी वाळवायची. भिजत ठेवायची नाही, कडेला तडा असेल तर पाणी आत शिरतं.

दमट हवेत रेकॉर्डी टिकतात, पण त्यांच्याकडे लक्ष हवं. मी दादरला राहतो, समुद्र जवळ. जून ते सप्टेंबर कपाटात सिलिका जेल, दर पंधरा दिवसांनी तव्यावर कोरडी करून परत. रेकॉर्डी उभ्या, घट्टही नाहीत आणि कललेल्याही नाहीत. जुनी कागदी पाकिटं कसर खाते आणि बुरशी धरतात, तेव्हा आतलं पाकीट नवं, आम्लरहित कागदाचं घाला, जुनं वेगळं जपून ठेवा. बाहेरून मऊ पीव्हीसीचं कव्हर नको. ते काही वर्षांत विनाइलवर ढगाळ डाग पाडतं. साधं पॉलिथिन बरं. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, वाळवी तिथून येते.

मुंबईत काय मिळेल? चोरबाजारात मटन स्ट्रीटवर अजूनही गठ्ठे निघतात. जिम रीव्ह्ज भरपूर, नॅट किंग कोल आणि सिनात्रा बऱ्यापैकी, स्विंगच्या 78 क्वचित. पण जे निघतं त्यात एक खजिना असू शकतो. तिशीच्या दशकात ताजमहाल हॉटेलच्या बॉलरूममध्ये लिऑन ॲबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड या काळ्या अमेरिकन कलावंतांचे बँड वाजत होते. वेदरफर्ड पुढे कलकत्त्याला गेला, तिथे त्यानं कोलंबियासाठी रेकॉर्डी केल्या आणि 1945 साली तिथेच कॉलऱ्यानं वारला. नंतर ब्लूज गायक म्हणून नाव कमावलेला जिमी विदरस्पून युद्धकाळात व्यापारी जहाजावर होता, तो कलकत्त्यात वेदरफर्डच्या बँडबरोबर गायला. गोव्यातल्या हळदोण्याचा चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो शावियर वाझ, याच हवेत घडला आणि पुढे सी. रामचंद्रांच्या संगीतात त्याचा ट्रंपेट घुमला. 1951च्या 'अलबेला'तली नाचरी लय ऐका, तिचं मूळ गाव कळेल. दमदममध्ये छापलेली कोलंबियाची अशी एखादी 78, लेबल फाटकं असलं तरी, मी कुठल्याही परदेशी पुनर्मुद्रणापेक्षा आधी उचलीन. तिकडचे संग्राहकही त्या शोधतात, आणि आपल्याकडे त्या भंगारात जातात याचं मला खरंच वाईट वाटतं.

परदेशातून मागवताना टपालखर्च आणि कस्टम धरून हिशेब करा. साध्या रेकॉर्डीवर तो रेकॉर्डीपेक्षा जास्त होतो, म्हणून एका विक्रेत्याकडून पाच-सहा एकत्र घ्या. 78 असतील तर आधीच लिहून कळवा: प्रत्येक रेकॉर्ड दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये, दोन्ही पुठ्ठ्यांच्या आतल्या नळ्यांची दिशा एकमेकींना आडवी, आणि खोक्यात खोकं. ही सूचना न पाळल्यामुळे एकदा माझ्याकडे ली वायलीच्या तीन रेकॉर्डींचे अकरा तुकडे पोचले होते. दर्जाची अक्षरं दोन पद्धतींची असतात हेही ध्यानात ठेवा. एलपीवाले 'व्हीजी प्लस' (व्हेरी गुड प्लस) म्हणतात ते बरं असतं. 78वाले 'ई' (एक्सलंट) आणि 'व्ही' (व्हेरी गुड) वापरतात, आणि त्यांचा 'व्ही' म्हणजे चांगलीच खरखर.

तुमच्या जागी मी असतो तर पहिल्या तीन खरेद्या अशा केल्या असत्या. 'लेडी डे', मोनो. एला आणि पियानोवादक एलिस लार्किन्स यांची 1950ची गर्शविनची दहा इंची डेक्का एलपी, तिथे आवाज आणि पियानो याशिवाय काहीच नाही. आणि काउंट बेसीच्या 1937-39च्या डेक्का बाजूंची कुठलीही मोनो एलपी, जिमी रशिंगसाठी. तीन महिने या तीनच ऐका, मग 78ची सुई मागवा.

त्या विक्रेत्याकडे तीन फोटो मागा: लेबलचा, मोकळ्या पट्ट्यावरच्या आकड्यांचा आणि कव्हरच्या मागच्या बाजूचा. 'सीएल 637' आणि लाल-सोनेरी किंवा सहा डोळ्यांचं लेबल निघालं, तर ती 1935 ते 1937मध्ये गायलेली आणि पन्नाशीच्या दशकात छापलेली 'लेडी डे' आहे. त्याचं '1937ची ओरिजिनल' हे बोलणं सोडून द्या, पन्नाशीतल्या एलपीचा भाव सांगा आणि त्या भावात दिली तर त्याच दिवशी घरी घेऊन या.